परमिट वापस

आमच्या घरमालकांच्या घरात पत्र्याची एक लाल पाटी होती. ‘माणसे काम करीत आहेत. स्विच टाकू नये.’ नोकरी संपली तेव्हा शाल आणि नारळाबरोबर त्यांनी ती मागून आणली होती. साधा बल्ब बदलायचा असला तरी आधी मेन स्विच खाली, मग त्यावर ती पाटी, मग खुर्चीवर चढायचं. इथवर ठीक होतं. पण लोणचं मुरत घातलं की पाटी बरणीला. कोंबडी अंड्यांवर बसली की पाटी खुराड्याला. बायको दुपारी झोपली की पाटी तिच्या खोलीच्या दाराला. त्यांना मी भाई म्हणायची आणि त्यांच्या बायकोला भाभी. गल्ली त्यांना परमिटचाचा म्हणायची, तोंडावरसुद्धा. त्यांना राग येत नसे.

आम्ही नवराबायको खेडं सोडून अकोल्याला आलो आणि त्यांची मागची खोली पाहायला गेलो, तेव्हा भाई ओट्यावर बसून घड्याळाला किल्ली देत होते. माझ्या नवऱ्यानं विचारलं, “खोली खाली हाय म्हनते?” भाईंनी किल्ली देणं थांबवलं. माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “नंबर?”

माझा नवरा पांढरा पडला. मला वाटलं फोन नंबर विचारतात. मी म्हटलं, “आमच्याजवळ फोन नाही भाऊ.” भाई हसले, आत गेले आणि खोलीची चावी घेऊन आले. माझा नवरा का पांढरा पडला ते मला नंतर कळलं. पुढे सांगते.

भाई वीज सबस्टेशनात ऑपरेटर होते. बाळापूरकडच्या काही खेड्यांची लाइन त्यांच्या हातात. लाइनमनला खांबावर चढायचं असलं की तो आधी त्यांच्याकडून परमिट घेई. परमिट म्हणजे नंबर घातलेली चिठ्ठी. ती लाइनमनच्या खिशात आहे तोवर त्या लाइनला कोणी हात लावायचा नाही, मग मंत्री का येईना. काम संपलं की लाइनमन फोन करून नंबर सांगे आणि म्हणे, “परमिट वापस.” ऑपरेटरनं तेच परत बोलायचं, “वापस.” ऐकलेलं परत बोललं म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही, असा नियम.

हा नियम त्यांनी घरी आणला. घरी ते लाइनमन आणि भाभी ऑपरेटर.

“बेगम, पंखे का परमिट देती क्या?”

भाभी वांगी चिरता चिरता म्हणत, “दी.”

पंखा पुसून झाला की भाई खुर्चीवरून उतरून म्हणत, “परमिट वापस.”

“वापस.”

एकदा भाभी रागात होत्या. त्यांनी परमिट दिलंच नाही. तो पंखा उन्हाळाभर तसाच मळका फिरत राहिला. मी म्हटलं, “भाई, पुसून टाका न, ते काय पाहते?” तर म्हणाले, “नहीं दी तो नहीं दी.”

मग भाभींना अर्धांग झालं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, एखादा शब्द राहतो अशा माणसाजवळ, कोणता ते सांगता येत नाही. लेकीचं नाव राहिलं नाही. अल्लाचं नाव राहिलं नाही. राहिला तो ‘वापस’. तहान लागली, वापस. पाठ दुखली, वापस. मी आले, वापस. आवाजाच्या चढउतारावरून ओळखायचं.

तोवर माझा नवरा वारला होता. भाभींचं अंग पुसणं, वेणी घालणं, भरवणं मी करू लागले. त्यात पुण्यबिण्य काही नव्हतं. माझे हात रिकामे होते.

लोक चोरांसाठी कॅमेरे लावतात. भाईंच्या घरात चोरण्यासारखी एकच वस्तू होती, ती पाटी. त्यांनी कॅमेरा लावला तो भाभींसाठी. आजारी पडण्याआधी भाभींचा सगळा दिवस ओट्यावर जायचा. तांदूळ निवडत, जाणाऱ्यायेणाऱ्याला टोकत. आता त्यांना ओट्यावर नेता येत नव्हतं, म्हणून भाईंनी फाटकावर कॅमेरा बसवला, गल्लीकडे तोंड करून, आणि त्याचं चित्र भाभींच्या पलंगासमोरच्या टीव्हीवर आणलं. मेथीवाली फाटकाशी थांबून कॅमेऱ्यासमोर जुडी हलवायची. आत भाभी डाव्या हातानं हो किंवा नाही करायच्या. मी बाहेर जाऊन निकाल सांगायची.

“नाही म्हनते भाभी. कोमेजली हाय तुही मेथी.”

“टीव्हीत काय समजते त्याइले, कोमेजली का ताजी?”

“तुह्यं तोंड पाहूनच समजते.”

दुसरा कॅमेरा भाभींच्या खोलीत, कोपऱ्यात वर. त्याचं चित्र भाईंच्या फोनवर येई. ते नमाजाला किंवा बाजारात गेले की फोन काढून भाभींना पाहत. त्यांची लेक अमरावतीला दिलेली. तीही रोज संध्याकाळी आईला तिथून पाही. या कॅमेऱ्यासाठी भाईंनी मला लाल फडकं शिवून दिलं होतं. भाभींचं अंग पुसायच्या आधी ते कॅमेऱ्यावर टाकायचं, पुसून झालं की काढायचं.

दोन्ही कॅमेऱ्यांच्या वायरी एका काळ्या डब्यात जात. एका पावसाळ्यात वीज पडली आणि तो डबा चार दिवस बंद पडला. भाभींनी भिंतीकडे तोंड केलं आणि दात मिटून घेतले. चार दिवसांत वरणाचं पाणी दोन चमचे गेलं असेल, तेही मी नाक दाबून घातलं म्हणून. पाचव्या दिवशी मिस्त्रीनं डबा दुरुस्त केला, टीव्हीवर गल्ली दिसली, आणि भाभींनी अर्धी भाकर खाल्ली. तेव्हा मला कळलं की ही बाई त्या डब्यावर जिवंत आहे.

मग एक दिवस टीव्हीवर गल्लीच्या मधोमध इंग्रजीतली पिवळी चौकट आली. भाभी डाव्या हातानं ती माशी हाकलल्यासारखी हाकलू लागल्या. भाईंनी कॅमेरेवाल्या मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री म्हणाला, “चाचा, डब्याचं फर्मवेअर अपडेट करा लागते.”

“फरमान?” भाई म्हणाले. “किसका फरमान?”

मिस्त्रीनं समजावलं, पण आमच्या घरात त्याचं नाव फरमानच पडलं. डब्याच्या आत जो हुकूम भरलेला असतो, ज्यानं तो चालतो, तो जुना झाला होता. त्यात एक भोक सापडलं होतं. जाणता माणूस कुठूनही बसून त्या भोकातून कॅमेऱ्याचं चित्र पाहू शकत होता. नवा हुकूम भरला की भोक बुजणार. पण भरताना मध्येच लाइट गेली तर डबा कायमचा मरणार, आणि जुने डबे कधीकधी नुसतेही उठत नाहीत. तसा डबा आता बाजारात नव्हता. नवा आणायचा तर कॅमेरे, वायरी, सगळंच नवं, नागपूरहून येईस्तोवर महिना.

“नेट काढून टाका मंग,” मिस्त्री म्हणाला. “कोनी पाहत नाही.”

नेट काढलं की भाईंना बाहेरून भाभी दिसत नव्हत्या आणि लेकीला अमरावतीहून आई दिसत नव्हती. एकदा भाभी पलंगावरून अर्ध्या खाली लोंबल्या होत्या, ते भाईंनी मशिदीच्या अंगणात फोनवर पाहिलं होतं आणि अनवाणी पळत आले होते. नेट काढणं जमणार नव्हतं.

भाईंनी जुनं रजिस्टर काढलं. डाव्या पानावर लिहिलं ‘फरमान टाकावा’, उजव्या पानावर ‘टाकू नये’. महिनाभर ते त्या दोन पानांत होते. भाजी आणायला जाताना रजिस्टर काखेत. रस्त्यात जो भेटेल त्याला विचारायचं. उजव्या पानावर पहिलंच लिहिलं होतं, ‘लाइनचा भरोसा नाही.’ शेजारचा शिंपी ते वाचून हसला.

“चाचा, तुमीच लाइनवाले, अन् तुमालेच भरोसा नाही?”

“मैं तीस साल अंदर बैठा था,” भाई म्हणाले, “इसलिए नहीं है.”

मी कंटाळले. एक दिवस म्हटलं, “भाई, मिटवा आता ते रजिस्टर. घरात दोन म्हातारे. कोन पाहते तुमाले?”

“तीन,” भाई म्हणाले.

मला आधी समजलं नाही. मग लक्षात आलं. भाभींचं अंग पुसताना मी नऊवारीचा काष्टा वर खोचते, पदर कमरेला बांधते. पाणी सांडतं, मी शिव्या देते, गाणं म्हणते. आणि ते लाल फडकं टाकायला मी कितीदा विसरत होते, ते माझं मलाच माहीत होतं.

भाई रजिस्टरकडे पाहत म्हणाले, “जब तुम भूल जाते बाई, मैं फोन उलटा रख देता. बेटी को भी बोल के रखा है, सुबह नहीं देखना.” एवढी वर्षं त्यांनी मला फडक्याबद्दल एका शब्दानं टोकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी फडकं विसरले नाही.

शेवटी भाईंनी ठरवलं की भाभींचं परमिट घ्यायचं. टोपी घालून पलंगासमोर खुर्ची मांडून बसले. दोन्ही पानं वाचून दाखवली. डबा मरू शकतो, गल्ली जाऊ शकते, हे लपवलं नाही. मग विचारलं, “बेगम, परमिट देती क्या?”

भाभी म्हणाल्या, “वापस.”

भाई उठले. “नहीं दी.”

“अहो, तिच्याजवळ दुसरा शब्द हाय का?” मी ओरडले. “दी म्हनाले तिले येत नाही!”

“बोलना आता या नहीं आता, वो अलग बात. दी नहीं बोला.” आणि त्यांनी रजिस्टर ठेवून दिलं.

मी माझ्या खोलीत आले आणि चूल पेटवता पेटवता मला आमच्या गावची ती दुपार आठवली. ती आता सांगते.

ती सालं सगळ्या वऱ्हाडाची वाईट होती. आमच्या शेतात हरभरा उभा होता आणि विहिरीत एका पाळीपुरतं पाणी. दोन दिवस लाइन नव्हती. नाल्याजवळच्या खांबावर लाइनमन काम करत होता. माझ्या नवऱ्यानं त्याला बाभळीखाली भाकर खाताना पाहिलं आणि समजला की काम झालं. त्याच्या जिवाला धीर नव्हता. लाइनमन नेहमी किराणा दुकानातल्या फोनवरून सबस्टेशनला फोन करायचा, त्याचं बोलणं गावाला पाठ होतं. माझ्या नवऱ्यानं तोच फोन उचलला, त्याच्यासारखा आवाज काढला आणि म्हणाला, “परमिट वापस. लाइन टाका.” मी बाजूला गूळ घेत उभी होते. मला वाटलं, बरं केलं. मग तिकडून काहीतरी विचारलं. माझ्या नवऱ्यानं विंचू चावल्यासारखा फोन ठेवला.

आम्ही शेतात गेलो तर लाइनमन पुन्हा खांबावर. कमरेला भाकरीचं फडकं बांधलेलं, दोन्ही हात तारेवर. माझा नवरा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

लाइन दुसऱ्या दिवशीही आली नाही. सगळं गाव सबस्टेशनच्या फाटकावर गेलं. मीही गेले. आत एक बारका माणूस बसला होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या घरात अंधार पडो. मनातून मला ठाऊक होतं की त्यानं आदल्या दिवशी आमचं ऐकलं असतं तर काय झालं असतं. तरी म्हटलं. तो माणूस म्हणजे भाई.

चुलीपुढे बसून मला एक गोष्ट उमगली. मी तशीच उठून भाईंकडे गेले.

“भाई, परमिट कोनाजवळ रायते? जो आत बसते त्याच्याजवळ, का जो लाइनवर असते त्याच्याजवळ?”

“लाइन पे जो है उसके.”

“अन् वापस कोन म्हनते आधी?”

“वोही.”

“मंग या गल्लीच्या लाइनवर दिवसभर कोन असते? तुमी का भाभी?”

भाईंनी मग टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “मैं उलटा माँग रहा था.”

नोकरीतल्या शेवटच्या परमिटचा नंबर त्यांना पाठ होता. त्याच्या पुढचा नंबर घालून त्यांनी चिठ्ठी लिहिली. चारशे एकोणीस. खाली सही, तारीख, आणि कामाचं नाव, ‘गल्ली’. ती भाभींच्या डाव्या हातात दिली आणि सांगितलं, “लाइन तुम्हारी. जब तक चिठ्ठी तुम्हारे पास, डब्बे को हाथ नहीं लगाऊँगा.”

भाभींनी चिठ्ठी उशीखाली ठेवली. दिवसभरात चाळीसपन्नास वेळा वापस म्हणाल्या, पाण्याला, उन्हाला, मला. पण चिठ्ठी काढली नाही. भाईंनीही मागितली नाही. पिवळी चौकट रोज येत राहिली.

तिसऱ्या दिवशी मी भाभींचं अंग पुसायला गेले. फडकं कॅमेऱ्यावर टाकलं, मग वाटलं यांना सांगावं. म्हटलं, “भाभी, कोनी पाहू नये म्हनून हे टाकून राहिली मी. तुमाले अन् मले.” भाभी फडक्याकडे पाहत राहिल्या. वेणी घालून झाली तेव्हा त्यांनी उशीखाली हात घातला, चिठ्ठी काढली आणि दाराकडे धरली. दारात भाई उभे होते.

“वापस,” भाभी म्हणाल्या.

भाईंनी चिठ्ठी घेतली, नंबर वाचला. “चारशे एकोणीस. वापस.” आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

काम दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. भाईंनी इन्व्हर्टरवरून पंखे, फ्रीज, माझ्या खोलीतला बल्बसुद्धा काढला. फक्त डबा आणि टीव्ही ठेवले. सबस्टेशनला फोन करून विचारलं, आज आमची लाइन बंद करणार का. मिस्त्रीनं बटण दाबलं. पाटी मेन स्विचवर लटकत होती. टीव्हीवरची गल्ली गेली आणि काळ्यावर आकडे चढू लागले. भाभी आकड्यांकडे पाहत होत्या. त्यांचा डावा हात चादर चुरगाळत होता.

बत्तीसवर लाइट गेली.

इन्व्हर्टर कण्हला. टीव्ही चालू राहिला. मिस्त्री काहीतरी पुटपुटत होता. भीतीनं माझ्या तोंडून जे निघायचं ते निघालं.

“भाई, त्या दिवशीचा तो फोन माह्या नवऱ्यानं केला होता.”

भाईंनी आकड्यांवरून नजर काढली नाही. “मालूम है.”

“कसं?”

“खोली खाली है क्या, बोला ना वो. आवाज मैं भूलता नहीं. इसलिए तो नंबर पूछा.”

“मंग खोली काहून देली आमाले?”

“झूठा आदमी कोई ना कोई नंबर फेंक के देखता, बाई. उसने फोन रख दिया.” मग म्हणाले, “कितना हुआ? मेरे को चष्मा नहीं है.”

“एकसष्ट,” मी म्हटलं.

शंभर झाल्यावर सगळं काळं झालं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मिस्त्रीनं दोनदा घाम पुसला. मग एकदम फाटक दिसलं, त्यामागे गल्ली, आणि फाटकातून तोंड घालून आमची जास्वंद खाणारी शिंप्याची बकरी.

“वापस!” भाभी ओरडल्या. ते गल्लीला होतं की बकरीला, माहीत नाही. भाई म्हणाले, “वापस,” आणि चिठ्ठी पुन्हा त्यांच्या हातात ठेवली. मी बकरी हाकलायला बाहेर गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी भाई वारले. बाजारात केळी घेताना खाली बसले आणि गेले. अमरावतीहून लेक आली. पुरुष जनाजा घेऊन निघाले, बायका घरात राहिल्या. लेक म्हणाली, “मौसी, टीव्ही बंद करो, अम्मी को ये नहीं दिखाना.” मी म्हटलं, “राहू दे. लाइन तिची हाय.” लेकीला ते समजलं नाही, पण तिनं हात मागे घेतला.

टीव्हीवर जनाजा फाटकातून निघाला. शिंप्यानं खांदा दिला. मेथीवालीनं टोपली बाजूला ओढून डोक्यावर पदर घेतला. गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत कॅमेऱ्याला दिसतं. कडुनिंबापुढे सगळे गेले. गल्ली रिकामी झाली. भाभी ती रिकामी गल्ली पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी उशीखाली हात घातला. चिठ्ठी कापडासारखी मऊ झाली होती. ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

“वापस.”

मी चौथी शिकलेली बाई. मी कुठली ऑपरेटर. पण ती घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. मी चिठ्ठी घेतली, उजेडाकडे धरून नंबर वाचला. चारशे एकोणीस. मग म्हटलं, “वापस.”